दप्तर जेथे संपते तेथून पुढे

आपल्या घराण्याचा पूर्ववृत्तान्त शोधावयास निघालेल्या माणसाला कोठे ना कोठे थांबावे लागणारच, हे या उद्योगात पडणाऱ्याने आरंभीच गृहीत धरलेले बरे. कोणी दहाव्या पिढीशी थांबतो, कोणी सातव्या. आणि हेमलकसा व त्याच्या आसपासच्या रानातील माडिया घरांतून शिकून बाहेर पडलेला एखादा शिक्षक, एखादी परिचारिका किंवा एखादा वनरक्षक आपल्या पणज्याचे नाव शोधू लागला, म्हणजे तो बहुधा तिसऱ्याच पिढीशी येऊन थबकतो. तहसिलीतील कारकून सांगतो की या मौजाचे त्या काळचे दप्तर येथे नाही. घरातील वृद्ध आजी सांगते की सासऱ्याच्या बापाला आपण पाहिलेले नाही. आणि शोध सुरू करतानाची उमेद, पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची वाट बंद पडावी तशी, एकाएकी अडून बसते. अशा अडलेल्या शोधकांना उद्देशून पुढील चार गोष्टी लिहीत आहे. त्या प्रामुख्याने गडचिरोली आणि चंद्रपूर या अरण्यप्रदेशातील कुटुंबांना लागू असल्या, तरी ज्यांच्या पूर्वजांना सनदा आणि वतने मिळाली नाहीत अशा कोणत्याही घराला त्यांचा उपयोग व्हावा.

निराशेचे मूळ पुष्कळदा शोधाच्या अपयशात नसते, ते आपण हाती घेतलेल्या मापात असते. मराठीत कुलवृत्तान्ताची जी परंपरा वाढली, ती देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी अशा वतनदार व वृत्तिवंत घराण्यांची. वतन म्हटले की तंटा आला, तंटा म्हटला की महजर, निवाडा आणि सनद आली. ते कागद सरकारच्या व भाऊबंदांच्या दप्तरांत पडून राहिले, पुण्याचे पेशवे दप्तर त्यांनी भरले, आणि नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळी उतरली. अशा घराण्यातील शोधकाने मूळपुरुषापर्यंतचा वंशवृक्ष उभा केला, यात त्याच्या चिकाटीचा वाटा आहेच. परंतु त्याच्या पूर्वजांना सत्तेशी कागदोपत्री व्यवहार करावा लागला, हा भाग त्याहून मोठा आहे. इंद्रावतीच्या अलीकडच्या डोंगरांत जंगलाचा तुकडा जाळून पेंडा करणाऱ्या, दोनचार वर्षांनी दुसऱ्या उतारावर जाणाऱ्या आणि जमिनीवर एकट्याची मालकी न सांगणाऱ्या माणसाचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणत्या फडणविसाला पडणार होती? त्याचे नाव कागदावर नाही, यावरून सत्ता त्याच्या दारापर्यंत किती उशिरा पोहोचली एवढेच सिद्ध होते. हा निष्कर्षही आपल्या घराण्याच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्याजोगा आहे.

तथापि, दप्तर खरोखर संपले आहे की केवळ दुसऱ्या कचेरीत गेले आहे, याचा निवाडा होण्यापूर्वी हात टेकू नयेत. या प्रदेशाच्या सरहद्दी ज्या वेगाने फिरल्या, त्या वेगाने महाराष्ट्रातील फारच थोड्या भागांच्या फिरल्या असतील. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे कागद चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्याच्या नावाने शोधावे लागतात. १९५६ पर्यंत चांदा मध्यप्रदेशात होता, त्याआधी मध्यप्रांतात, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत भोसल्यांकडे. म्हणून या मुलखाचे वरिष्ठ कचेऱ्यांतील कागद मुंबई-पुण्याकडे शोधण्यापेक्षा नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात आधी विचारावे. राजुऱ्याचा इतिहास तर सर्वस्वी निराळा. तो तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ मध्ये नांदेडकडे आला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. त्यामुळे तेथील जुने कागद उर्दूत असावयाचे, आणि ते चंद्रपुरात न सापडल्यास हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागाराकडे चौकशी करणे क्रमप्राप्त ठरते. सिरोंच्याच्या दक्षिणेकडील नुगूर, चेर्ला हा भाग विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात गेला. आणि ज्या घरात ‘आम्ही नदीपलीकडून आलो’ असे सांगतात, त्या घराचा धागा बस्तर संस्थानात जातो, जे १९४८ मध्ये विलीन झाले आणि आज छत्तीसगडात आहे. आपला पूर्वज एका ठिकाणी बसून असेल आणि तरीही तीन-चार राज्यांचा प्रजाजन झालेला असेल, ही गोष्ट ध्यानात आली की अर्ध्याअधिक ‘नाही’ या उत्तरांचा अर्थ ‘येथे नाही’ एवढाच उरतो.

कागद मागताना त्यांचे खरे नाव घेऊन मागावेत. ‘जुने रेकॉर्ड’ मागणाऱ्यास कोणतीही कचेरी परत पाठवू शकते. अमुक मौजाच्या कोतवालबुकाची नक्कल, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज, बंदोबस्ताची मिसल असे म्हणणाऱ्यास तितक्या सहजपणे परत पाठविता येत नाही. कोतवालबुकात गावचा कोतवाल जन्ममृत्यू नोंदवून ठाण्याला कळवीत असे, आणि विदर्भातील असंख्य कुटुंबांना स्वातंत्र्यपूर्व काळातील आपल्या आज्याचे नाव प्रथम तेथेच भेटले आहे. परंतु दुर्गम जमीनदाऱ्यांत ही व्यवस्था तुटक होती, हे आधीच जाणून असावे, म्हणजे कोरे पान पाहून मन खचत नाही. अहेरी, भामरागड इत्यादी जमीनदाऱ्या १९५१ मध्ये संपुष्टात आल्या, आणि त्यानंतर सरकारने रयतेचे हक्क थेट आपल्या नोंदीत घेतले. त्यामुळे या भागातील पुष्कळ घरांचा कागदोपत्री जन्म पन्नासच्या दशकातच होतो. दुसरा मोठा टप्पा शाळेचा. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेथील शाळा १९७६ ची. आणि तिच्यासारख्या आश्रमशाळांच्या दाखल-खारीज नोंदवहीत पहिल्यांदाच मुलाचे नाव, बापाचे नाव आणि गाव एका ओळीत आले. अशा नोंदीतील जन्मतारीख १ जून वा १ जुलै असल्यास ती गुरुजींनी अंदाजाने घातली असे समजावे, आणि मुलाचे घरचे नाव शाळेतील नावाहून वेगळे होते काय, हे घरी विचारून घ्यावे. मराठी कारकुनाने ऐकून लिहिलेले माडिया नाव आणि सिरोंच्याकडील तेलुगू बोलणाऱ्याने लिहिलेले तेच नाव एकमेकांना ओळख देत नाहीत; मडावी, मडवी, माडवी या तिन्ही रूपांखाली शोधावे, आणि जातीच्या रकान्यात गोंड, राजगोंड, माडिया यांपैकी काहीही असेल अशी तयारी ठेवावी. गावे उठतात, सरकतात. महसुली दप्तरात अशा गावापुढे ‘रिठी’ किंवा ‘बेचिराग’ असा शेरा असतो, आणि तो शेरा दिसला तर तेथील माणसे कोणत्या गावी वसली हा पुढचा प्रश्न तयार होतो.

येथे एक व्यावहारिक सूचना मी आग्रहाने करीन. कचेरीने ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे सांगितले, तर ते उत्तर लेखी मागून घ्यावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे आणि त्याखाली लेखी उत्तराचा हक्क आहे. ते लेखी ‘नाही’ आपल्या वहीत चिकटवावे, आणि कोणत्या कचेरीत, कोणत्या वर्षांची, कोणती नोंदवही पाहिली हे तारखेनिशी लिहावे. शोध थकवितो तो बहुतांशी तीच वाट पुनःपुन्हा चालावी लागल्यामुळे. आणि ज्याच्या वहीत बंद झालेल्या वाटांची नोंद आहे, त्याला आपण पुढे सरकलो आहोत याचा पुरावा रिकाम्या हातानेही मिळत राहतो.

या प्रदेशात वंशावळीचा शोध बहुधा हौसेने सुरू होत नाही, तो जातवैधता प्रमाणपत्राच्या निकडीने सुरू होतो, ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करता येणार नाही. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यापूर्वीचा पुरावा मागितला जातो. पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ मध्ये लागू झाला. आणि विदर्भातील काही विवक्षित तालुक्यांतील गोंडांनाच पूर्वी जमातीत धरत असत, ते क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठले. कुटुंब एका तालुक्यातून दुसऱ्यात गेले असेल तर या एका गोष्टीने जुन्या दाखल्यांतील कित्येक कोडी सुटतात. जमातीच्या चालीरीतींविषयी प्रश्न विचारून केलेली आप्तभाव चाचणी ही एकमेव निर्णायक कसोटी होऊ शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२३ चा निर्णयही अर्जदारांना माहीत असावा. पण माझे म्हणणे निराळे आहे. प्रमाणपत्राचा शोध आणि पूर्वजांचा शोध या दोन कामांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. पहिल्याला मुदत आहे, प्रवेशाची तारीख आहे, समितीची सुनावणी आहे. दुसऱ्याला यांपैकी काहीच नाही. पहिल्या कामातील धाकधूक दुसऱ्यात शिरली, म्हणजे प्रत्येक न सापडलेले नाव संकटासारखे वाटू लागते, आणि प्रमाणपत्र हाती येताच वहीही कायमची मिटली जाते. कित्येक घरांत आजी जिवंत असताना वही अशा रीतीने मिटली गेली आहे, आणि ती हानी भरून येणारी नाही.

कागदाच्या पलीकडील पुरावा हा दुय्यम, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. कायद्याने मात्र तो समज मानलेला नाही. वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्याखालील २००८ च्या नियमांतील तेरावा नियम प्रत्येक शोधकाने एकदा वाचावा. त्यात गॅझेटियर, खानेसुमारी, बंदोबस्ताचे अहवाल, वनखात्याच्या कार्ययोजना यांच्या जोडीने विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे, जुन्या नोंदींतील व्यक्तींपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन, ही सर्व पुराव्याची साधने म्हणून मांडलेली आहेत. आणि विशिष्ट कागदाचाच हट्ट धरू नये, असे पुढे २०१२ च्या दुरुस्तीने समित्यांना बजावले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये देशात अगदी आरंभी सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच कायद्याखाली. शासनाच्या नियमाने ज्या दफनभूमीला आणि ज्या म्हाताऱ्याच्या शब्दाला साक्षीचा मान दिला, त्यांना आपल्या वहीत दुय्यम जागा देण्याचे कारण नाही.

म्हणून क्रम उलटा करावा, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. कचेरीतील कागद आणखी दहा वर्षांनी बहुधा तेथेच असेल; ऐंशी वर्षांच्या माणसाविषयी असे म्हणता येत नाही. शोध अडला की आधी गावी जावे. पावसाळ्यात वाटा बंद असतात, मोहाच्या आणि तेंदूपानाच्या हंगामात घरातले कोणीही रिकामे नसते. धान घरात आल्यानंतरचे दिवस उत्तम. माडिया बोली येणारा माणूस बरोबर हवाच, आणि शोधक स्वतः शहरात वाढल्याने ती विसरला असेल, तर गावातील एखाद्या शाळकरी मुलालाच सोबती करावे. त्या मुलालाही यातून काही मिळते. पहिलाच प्रश्न ‘पणज्याचे नाव काय’ असा कधीही करू नये. आपले कूळ कोणते, आपण किती देवांचे, आपल्या मुली कोणत्या कुळांत दिल्या जातात आणि कोणत्या कुळांशी भावकीच्या नात्यामुळे लग्न वर्ज्य आहे, येथपासून सुरुवात करावी. कारण गोंड समाजात देवसंख्येवरून ठरणारी ही सोयरीक-भावकीची व्यवस्था कोणत्याही सातबाराहून जुनी आहे, आणि ज्या वृद्धाला व्यक्तीचे नाव आठवत नाही त्यालाही कुळाचे मूळ गाव आणि देवाचे ठाणे ठाऊक असते. मग लग्ने विचारावीत. बायका सासर-माहेरचे संबंध पुरुषांपेक्षा अधिक अचूक सांगतात. आत्या कोठे दिली, मामा कोणत्या गावचा, असे विचारीत गेले की सरळ वर जाणारी वाट बंद असतानाही बाजूने वाट फुटते, आणि चुलत घराण्याच्या एखाद्या दाखल्यात आपला पणजा सापडतो. माडिया घरांत मेलेल्या आज्याचे नाव नातवाला देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामुळे एकच नाव पिढीआड येते व घोटाळा होतो. पण हीच रीत उलटीही वापरता येते, कारण घरात जी नावे फिरून फिरून येतात ती वरच्या पिढ्यांत असण्याचा संभव मोठा.

साल कोणालाच सांगता येणार नाही, आणि विचारूही नये. ‘प्रकाशभाऊ-मंदाताई आमटे हेमलकशात आले तेव्हा तुझे लग्न झाले होते का’, ‘जमीनदाराचा माणूस वसुलीला येई ते तू पाहिले आहेस का’ असे विचारले, की १९७३ आणि १९५१ या दोन खुंट्यांवर सारे आयुष्य टांगता येते. त्याहून मागच्या पिढीसाठी १९१८ च्या तापाची साथ आणि १९०० च्या सुमाराचा दुष्काळ हे दोन प्रश्न ठेवावेत. ती साथ मध्यप्रांतात विलक्षण भीषण झाली होती, आणि वंशवृक्षातील एक पूर्ण फांदी एकाएकी नाहीशी होते तेव्हा त्या वर्षाचा विचार अवश्य करावा. गावाबाहेर मृतांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा असतील, तर त्या कोणाच्या, कोणी उभारल्या, त्या वेळी कोण कोण जमले होते, हे जाणत्याला बरोबर घेऊन विचारावे. मात्र गावच्या पेरम्याची, म्हणजे पुजाऱ्याची, किंवा वडीलधाऱ्यांची अनुज्ञा घेतल्याखेरीज त्यांना हात लावू नये, छायाचित्र घेऊ नये. राजुरा-जिवती भागातील राजगोंडांची गोष्ट वेगळी आहे. तेथे परधान हे यजमानाच्या कुळाची गाथा गाऊन सांगणारे परंपरागत कथेकरी आहेत, आणि आपल्या कुळाचा परधान कोण, हे विचारण्यास विसरू नये. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ चा ग्रंथ आणि ग्रिग्सन यांचा बस्तरच्या माडियांवरील १९३८ चा ग्रंथ हे दोन्ही कुळांची व देवस्थानांची माहिती ताडून पाहण्यास उपयोगी आहेत. आपल्या पणज्याचे नाव तेथे सापडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

ऐकीव माहितीवर श्रद्धा ठेवावी, पण ती पारखूनही घ्यावी. अमेरिकेतील अॅलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गुलामांच्या लक्षावधी वंशजांना आपल्या मुळांचा ध्यास लागला; परंतु गॅम्बियातील ज्या वृद्ध कथेकऱ्याच्या तोंडून हेलींनी आपल्या पूर्वजाची हकीकत ऐकली, त्याला पाहुणा काय ऐकावयास आला आहे याची आधीच कल्पना होती, असे पुढील चौकशीत निघाले. आपल्याला हवे असलेले नाव आपणच प्रथम उच्चारले, तर आदराखातर समोरचा मान डोलावतो. म्हणून आपली माहिती शेवटपर्यंत मिटून ठेवावी, आणि एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या गावांतील दोन माणसांकडून, एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याकडून, ऐकावी. गुलामांच्या त्या वंशजांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या १८५० व १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली वय व लिंग एवढ्यापुरतीच असे. मुक्त झालेल्या लोकांची नावे देशभर प्रथम आली ती १८७० मध्ये. त्या वर्षाशी येऊन थांबलेले शोधक पुढे मालकाच्या दप्तरात शिरतात, त्याची मृत्युपत्रे आणि हिशेबवह्या चाळतात. आपणही हाच मार्ग धरावा. लिहिणारा कोण होता हे पाहावे. अहेरी किंवा भामरागडचा जमीनदार, आलापल्लीच्या जंगलातील लाकूडतोडीचा ठेकेदार, वनगुन्ह्याचा दंड लिहिणारा नाकेदार. सरपणासाठी किंवा पेंड्यासाठी दंड भरलेल्या माणसाचे नाव त्या पावतीवर राहून गेलेले असू शकते. खानेसुमारीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे आशा ठेवू नये. इंग्लंडमध्ये १९२१ च्या गणनेतील घरोघरची पत्रके शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक पत्रके गोपनीय आहेत. जे कोणालाच पाहता येत नाही ते आपल्याला मिळाले नाही, याचे दुःख करण्यात अर्थ नाही.

एवढे करूनही शोध थांबेल, आणि कित्येक वर्षे थांबेल. अशा वेळी प्रश्न लहान करावा. ‘आमचे मूळ कोठले’ हा प्रश्न आयुष्यभर अनुत्तरित राहू शकतो. ‘आज्याच्या धाकट्या भावाची सासुरवाडी कोणती’ या प्रश्नाचे उत्तर पुढच्या लग्नकार्यात मिळते. शोध काही काळ बंद ठेवणे यात उणेपणा नाही, मात्र बंद करताना शेवटच्या पानावर पुढची एक कृती लिहून ठेवावी, म्हणजे वर्षाने वही उघडली तरी कोठून आरंभ करावा हे शोधत बसावे लागत नाही. एकट्याने हे काम चालत नाही. एकाच कुळाच्या दोन-तीन गावांतील तरुणांनी वह्या एकमेकांस दाखविल्या, तर एकाची भिंत दुसऱ्याच्या दारापाशी संपते, असे वारंवार घडते. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, शोध पुरा होण्याची वाट न पाहता जेवढ्या पिढ्या हाती आल्या तेवढ्यांची स्वच्छ प्रत आताच तयार करावी. तीन पिढ्या आणि त्यांच्या भावंडांची, सुनांची, जावयांची नावे एवढा ऐवजही या मुलखात यापूर्वी कोणी एकत्र लिहिलेला नसतो.

त्या प्रतीत प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, आणि कागदावरून घेतले असल्यास कोणत्या कचेरीतील कोणत्या नोंदवहीतून, हे लिहावे. संशयित नावापुढे संशयाची खूण करावी व ती नंतर पुसू नये. ज्या गोष्टी सांगणाऱ्याने घराबाहेर जाऊ नयेत अशी इच्छा दर्शविली असेल, विशेषतः देवाच्या ठाण्यासंबंधीच्या, त्या प्रतीतून वगळाव्यात. एक प्रत सांगणाऱ्या वृद्धाच्या घरी पोहोचवावी आणि त्याच्यासमोर ती मोठ्याने वाचून दाखवावी. वाचन चालू असता तो मधेच थांबवून दुरुस्ती सांगेल, एखादे नवे नावही सांगेल, त्यासाठी समासात जागा सोडलेली असावी.